मीठा बंद

आमच्या गावात त्या काळी सातवी पास बाई एकच होती, आणि दुर्दैवाने ती मी होते. दुर्दैव माझं नाही, गावाचं. कुणाचं पत्र आलं, कुणाच्या औषधाच्या बाटलीवर काही छापलेलं असलं, की मला बोलावणं यायचं. आणि एखादा शब्द कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणायची माझी पद्धत नव्हती. शेजारच्या कौसाबाईला एकदा मी खोकल्याचं औषध गुडघ्याला चोळायला लावलं होतं. गुडघा बरा झाला, हे तिचं नशीब. त्या गुडघ्यावर माझी विद्वत्ता पुढे दोन वर्षं चालली.

माझं माहेर तळोद्याचं, भर बाजारातलं. सासर तापीकाठी, गुजरांच्या गावात. मागे ऊस, पुढे केळी, पलीकडे कापूस. खायला-प्यायला काही कमी नव्हतं. कमी एकच होतं. माझी कूस दोनदा भरली आणि दोनदा रिकामी झाली.

दोन्ही वेळी पोर पुरते दिवस पोटात राहिलं. दोन्ही वेळी शेवटच्या महिन्यात एक दिवस पोटातलं हलणं थांबलं. पहिला मुलगा होता, चार महिन्यांचा वाटावा एवढा थोराड. बाया म्हणाल्या, “काय गोंडस शे वं!” मेलेल्या पोराचं कौतुक ऐकणं काय असतं, ते मी कुणाला सांगू नये आणि कुणी विचारू नये. दुसरी मुलगी, ती त्याहून मोठी. तिच्या वेळी मी स्वयंपाकघराच्या आडोशाला पडले होते, आणि माझ्या सासूबाई जसोदाबाई कौसाबाईला हळूच म्हणाल्या, “पोटच खोटं शे तिन्हं.” त्यांना वाटलं मला झोप लागली आहे.

सासूबाईंना घरात सगळे माय म्हणायचे, मीही. माय वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. दोन्ही वेळी तिने माझे एवढे लाड केले की माझ्या आईला हेवा वाटावा. सकाळी केळ्याचं शिकरण, दुपारी गूळ-तूप-पोळी, संध्याकाळी लापशी. “खा, दोन जीवनी शे तू.” मी खायचे. मला गोडाचा कुणी आग्रह करावा लागायचा नाही. गुळाच्या ढेपेला मुंगळा लागावा तशी मी लागायचे.

तिसऱ्यांदा दिवस राहिले ते एकोणसाठ साली. पाचव्या महिन्यात माझ्या नवऱ्याने, रतिलालने, ठरवून टाकलं की या वेळी मिशनच्या दवाखान्यात दाखवायचं. नंदुरबारहून आगगाडीने तासभर. मी, माय आणि ते, तिघं गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आधीच्या दोन्ही पोरांची नीट चौकशी केली, माझी लघवी तपासायला पाठवली. ती तपासून येते तोवर त्यांना एका अडलेल्या बाईसाठी धावत जावं लागलं. मग मला समजावून सांगायचं काम सिस्टरकडे आलं. सिस्टर दूर दक्षिणेकडची, मराठी येत नव्हतं, हिंदी येत होतं.

“तुमको हिंदी समझता है?” तिने विचारलं.

“समजता है, समजता है,” मी म्हणाले. हिंदी ती काय! मराठीच्या शेवटी काना द्यायचा आणि पुढे ‘है’ लावायचं. इतकी सोपी भाषा शाळेत शिकवतात तरी कशाला, असं माझं मत होतं.

“पेशाब में शुगर है,” सिस्टर म्हणाली. शुगर हा काहीतरी इंग्रजी रोग असणार. मी जुनी ओळख असल्यासारखी मान हलवली.

“मीठा बंद,” ती म्हणाली. “बिलकुल बंद. थोड़ा भी नहीं. पंद्रह दिन बाद आना.”

“मीठा पूरा बंद?”

“पूरा.”

“समज गया है,” मी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात माय आणि रतिलाल वाट बघत होते. मी पदर सावरला, घसा साफ केला आणि निकाल सांगितला, “मीठा बंद, म्हणते सिस्टर. म्हणजे मीठ बंद. कणभरसुद्धा नाही.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! त्या सिस्टरचा काडीचा दोष नाही. ती बिचारी दोन-दोनदा सांगत होती. दोष सातवी पासचा.

“दोन जीवनी बाई, आनि मीठ खावानं नही?” मायने कपाळावर हात मारला.

“कौसाबाईच्या सुनेला पायांवर सूज आली होती तेव्हा तिलाही बंद केलं होतं,” मी म्हणाले. अडाण्याला पटवायला दाखला लागतो आणि माझ्याकडे दाखले तयार असत. “शास्त्र आहे ते, माय.”

नंदुरबारच्या फलाटावर उतरताना माय म्हणाली, “तू मीठ सोडशी ते मीबी सोडसू. देवीले नवस बोलनू मी. पोर जित्तं हातमा उनं, का मंग खासू.”

झालं. घरात दोन बायकांचं अळणी सुरू झालं. तुम्ही कधी अळणी वरण खाल्लंय का? अळणी वांगं? वांग्याने आयुष्यात काही चांगलं केलेलं नाही, पण मिठाशिवाय ते अगदी उघडं पडतं. दोन दिवसांत माझं जेवण तुटलं. मग मायने तोड काढली. भाकरी गुळात कुस्करून. भाजीऐवजी केळं. वरणाऐवजी दूध-साखर. अळणी तोंडाला गोडाचाच आधार. मी तर मनातून खूशच होते. पथ्य म्हणजे काहीतरी त्रास असतो असं ऐकून होते, आणि हे पथ्य तर लग्नघरासारखं चाललं होतं. तहान मात्र फार लागायची. घागर पुरायची नाही. तीही मी मीठ सोडल्याचा गुण म्हणून गावभर सांगितली.

पंधरा दिवसांनी मी आणि माय पुन्हा गेलो. या वेळी डॉक्टरीणबाई स्वतः होत्या. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, माझ्या लघवीचे थेंब टाकले, दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि बघता बघता नळीत भट्टीतली वीट उतरली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“काय खाता?” त्यांना मराठी चांगलं येत होतं. पंधरा दिवसांपूर्वी ती अडलेली बाई दहा मिनिटं थांबली असती तर!

मी अभिमानाने सांगितलं. गूळ, केळी, दूध-साखर, लापशी. आणि शेवटी म्हणाले, “पण मीठ? मिठाला बोट लावलं नाही.”

सिस्टर आधी हसली, मग तिने तोंडावर हात धरला, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या.

“मीठा म्हणजे गोड, बाई,” त्या म्हणाल्या. “तुमच्या अंगात साखर साठते आहे. गरोदरपणात काही बायकांना असं होतं. ती साखर बाळाला जाते. बाळ बाहेरून फुगतं आणि आतून दमतं. तुमची आधीची दोन्ही बाळं मोठी होती, म्हणालात ना? बहुतेक अशानेच गेली असतील.”

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं. पंधरा दिवस मी माझ्या हाताने, तोंड पुसून पुसून, माझ्या पोराला तेच भरवत होते. आणि त्याआधीच्या दोघांनाही. मी तिथे ढसाढसा रडले. डॉक्टरीणबाईंनी रडू दिलं, मग म्हणाल्या, “अजून वेळ गेलेली नाही. नीट ऐकणार का?”

या वेळी मी एकेक शब्द तीनतीनदा विचारला. गूळ, साखर, केळी, ऊस, भात बंद. दोन वेळा मोजून एकेक बाजरीची भाकरी, सकाळी अर्धी. मेथी, वांगी, मुगाची डाळ, ताक, दही. जेवल्यावर घरात लोळायचं नाही, शेताच्या बांधापर्यंत चालून यायचं. रोज घरी लघवी तपासायची. एक चमचा निळं औषध, त्यात आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर जपा. पिवळं झालं तर चुकलात. विटेसारखं झालं तर सरळ आगगाडीत बसून या. आणि नववा लागला की काहीही झालं तरी इथे येऊन राहायचं.

माय व्हरांड्यात होती. दारापासून तिच्यापर्यंत दहा पावलं असतील. तेवढ्यात मी ठरवलं की खरं सांगायचं नाही. सातवी पासची अब्रू होती ना! गावात कौसाबाईला कळलं तर गुडघ्याचंही बाहेर पडलं असतं.

“डॉक्टरीणबाईंनी पथ्य बदललं,” मी म्हणाले. “आता मीठ चालेल. गोड बंद, ते पोराला बाधतं.”

“डॉक्टरना तोंडले काही थारा शे का?” माय भडकली. “पंधरा दिनमा मीठनं गोड व्हई गयं?”

“शास्त्र आहे ते, माय.”

परतीला नंदुरबारच्या फलाटावर एक संत्रीवाला गाडीच्या खिडक्यांशी ओरडत फिरत होता, “मीठा! शक्कर जैसा मीठा! मीठा ले लो!” मेल्याला त्याच दिवशी, त्याच डब्यासमोर कंठ फुटायचा होता. मी मायकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. हुश्श केलं. अडाणी बाई, तिला काय कळतंय, असं मनात म्हणाले. हो, असंच म्हणाले.

घरी आल्यावर मी तिच्या ताटात मीठ वाढलं. तिने ते बोटाने बाजूला सारलं.

“माय, आता मीठ चालतं. मीही खातेय.”

“नवस डॉक्टरले नही बोलेल, देवीले बोलेल शे,” ती म्हणाली. “पोर हातमा येवाशिवाय मी खावाव नही.”

म्हणजे माझ्या एका कान्यापायी साठीची म्हातारी आणखी चार महिने अळणी खाणार! तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं. रोज दोन वेळा ती समोर बसून अळणी भाजी गिळायची आणि रोज दोन वेळा माझ्या घशात माझा घास अडकायचा. भूक बेताची ठेवायला त्याचा उपयोग झाला म्हणायचा.

नळीचं काम मी मोठ्या थाटात सुरू केलं. न्हाणीच्या दाराशी पाट, पाटावर दिवा, चिमटा, बाटली. पहिल्या दिवशी मी नळी फोडली. दुसऱ्या दिवशी औषध उकळून छताला उडालं. दवाखान्याने तीन नळ्या दिल्या होत्या, त्यांना बहुधा माझा अंदाज आला असावा. तिसऱ्या दिवशी मायने चिमटा माझ्या हातातून घेतला. तिने आयुष्यभर चुलीवर दूध उतू जाऊ दिलं नव्हतं, नळी काय चीज! ती नळी तिरकी धरून अशी हलवायची की थेंब उडायचा नाही. आणि रंग? मला निळं आणि हिरवं यांतला फरक सांगायला उजेडात जावं लागायचं. माय चुलीपाशी बसून सांगायची, “आज मोर शे,” म्हणजे निळं. “आज हरभराना पाला.” “आज हळद पडनी. काल्दिन भाकर मोठी व्हती.” आणि दुसऱ्या दिवशी भाकरी खरंच बोटभर लहान व्हायची. सातवी पास बाई बाजूला बसून स्पिरिटच्या बाटलीचं झाकण लावायची. तेवढं मला जमायचं.

महिनाभर मोर आणि हरभरा असं चाललं. पोट वाढलं, पण बेतानं. मी स्वतःवर फार खूश झाले. आणि माणूस स्वतःवर खूश झालं की काय होतं, ते ऐका.

पौषात आमचं गुऱ्हाळ लागलं. कढईत रस उकळायला लागला की वास सगळ्या शिवारात पसरतो. मी बांधापर्यंत चालायला जायचे, ते पथ्यच होतं. आता बांधाच्या पलीकडेच गुऱ्हाळ असलं तर त्यात माझी काय चूक? तिसऱ्या दिवशी माझे पाय मला विचारल्याशिवाय बांध ओलांडून गेले. गरम गुळाचा गोळा, मुठीएवढा. मी तो उभ्याउभ्या खाल्ला, बोटं चाटली आणि अंगठ्याला लागलेलंही सोडलं नाही.

संध्याकाळी तपासायची वेळ आली तशी माझी पाचावर धारण बसली. मग सुचलं. शिकलेलं डोकं, सुचायला कितीसा वेळ! न्हाणीत गेले आणि वाटीत घागरीतलं पाणी घेऊन आले.

मायने आठ थेंब टाकले. उकळलं. नळी निळीशार, मोराच्या मानेसारखी. मी म्हणाले, “बघा, कसं सुंदर!”

मायने वाटी उचलून नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहिलं.

“पोर, हाई पानी शे. मन्हं नाक आजून जित्तं शे.”

मी गेले आणि खरी वाटी आणली. नळीत वीट उतरली. माय ओरडेल म्हणून मी तयार होते, माझ्याकडे उत्तरंही तयार होती. पण ती ओरडली नाही. तिने दिवा विझवला, नळी पाटावर ठेवली आणि माझा हात धरला.

“सिंधु,” ती म्हणाली, “हाईबी जाई का वं?”

मला मारलं असतं तर बरं होतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि तीही रडली. त्यानंतर मी बांध ओलांडला नाही. गुऱ्हाळ संपेपर्यंत नाकाला पदर लावून उलट्या दिशेला चालत गेले, नदीकडे. लोक म्हणायचे, रतिलालच्या बायकोला वासाचे डोहाळे लागलेत.

नववा लागला तशी दवाखान्यात जाऊन राहिले. माय बरोबर. तिने चिमटा आणि नळी पदरात बांधून नेली होती, तिथल्या नळ्यांवर तिचा विश्वास नव्हता. रोज सकाळी मी पोटावर हात ठेवून मोजायचे, हललं, हललं. ज्या दिवशी थोडं उशिरा हलायचं त्या दिवशी मी मायचाही हात ओढून पोटावर ठेवायचे. दिवस पुरे व्हायच्या आधीच डॉक्टरीणबाईंनी कळा आणवल्या. होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. सहा रत्तल. आधीच्या दोघांच्या मानाने नुसती चिमणी. आणि चिमणीने तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की बाहेर माय मोठ्याने देवीचं नाव घेत रडायला लागली.

थोड्या वेळाने मायने तिला मांडीवर घेतलं. तेवढ्यात सिस्टर वाटी-चमचा घेऊन आली, “बच्ची को थोड़ा मीठा पानी देना है.”

मी त्या अवस्थेतही ताडकन उठून बसले. “मीठा? मीठा म्हणजे साखरच ना? मीठ नाही ना? नीट सांगा, सिस्टर! मागच्या वेळी मी मीठ समजले होते!”

सिस्टर हसत सुटली. आणि मग माझ्या लक्षात आलं, माय तिथेच बसली आहे. चार महिने दाताखाली धरून ठेवलेलं मी स्वतःच ओरडून सांगितलं होतं.

“माय,” मी म्हणाले, “ते पथ्य बदललंच नव्हतं. पहिल्यापासून गोडच बंद होतं. मलाच कळलं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोलले.”

“माले माहीत शे,” माय म्हणाली. पोरीच्या अंगावरचं फडकं नीट करत होती.

“कधीपासून?”

“टेसनवर तो संत्रावाला वरडी ऱ्हायंता ना, मीठा मीठा करी? तो काय संत्रास्ले मीठ लाई ऱ्हायंता?”

“मग तेव्हाच मीठ का नाही खाल्लंत? माझ्या चुकीपायी बोललेला नवस तो. देवीने काय धरून ठेवला असता?”

“नवस ते त्या दिनलेच सुटी गया,” माय म्हणाली. “पयला दोन्ही येळे तुले गूळ कोन चारे? केळा कोन चारे? मीच ना? आनि वरथून तुन्हंच पोट खोटं शे, आसं सांगं मी. तू ऐकं व्हतं, माले माहीत शे. तुले बठ्ठा गावनी बोल लाया. माले कोन बोल लावाव? मंग मीच मन्ही शिक्षा लिधी.”

मी सगळ्या गावाची पत्रं वाचणारी बाई. रोज दोन वेळा माझ्यासमोर बसलेलं माणूस मला वाचता आलं नाही.

“माय, तुम्हाला कुठे माहीत होतं,” मी म्हणाले. “कुणालाच माहीत नव्हतं.”

दवाखान्यातलं ताट आलं होतं. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर ताक. मी ताट तिच्यापुढे सरकवलं. तिने पोरीला एका हाताने छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. आणि तोंड वाकडं केलं.

“खारी शे वं,” ती म्हणाली. “कितलं मीठ टाकेल शे!”

मी चाखून पाहिली. मीठ बरोबर होतं.

“हो माय,” मी म्हणाले, “जास्त पडलंय.” आणि तिच्या भाजीत थोडं ताक घातलं.